जुनी मोटारसायकल : सौदा नाव चढल्यावरच पुरा

"चाचा, टीटीवर सह्या करून द्या, बाकीचे आम्ही पाहून घेतो." जुन्या मोटारसायकलीच्या व्यवहारात हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यात काही वावगे आहे असे आता कोणालाच वाटत नाही. गॅरेजसमोर चहा येतो, रक्कम मोजली जाते, आरसी बुक आणि किल्ली हवाली होते आणि विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून घरी जातो. त्याच्या हिशेबी सौदा पुरा झालेला असतो. कायद्याच्या हिशेबी मात्र तो अजूनही त्या गाडीचा मालकच असतो. ती गाडी उद्या कोण चालवणार, कुठे नेणार, तिला विमा असणार की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हातात राहिलेली नसते. जबाबदारी मात्र त्याचीच राहते.

वाचकबंधूंनो, जुन्या गाड्यांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते इंजिन, ॲव्हरेज आणि किंमत यांवरच निघते. माझे मत असे आहे की, आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचे खरे नुकसान इंजिनामुळे होत नाही, ते कागदामुळे होते. इंजिन आपले मिस्त्री दुरुस्त करू शकतात. कागदाचा घोळ एकदा झाला की तो निस्तरायला वर्षे जातात, आणि कधी कधी तो निस्तरतच नाही.

जुनी गाडी ही लाजेची बाब नाही

नाशिकमध्ये वडाळा नाका, द्वारका, भद्रकाली, सातपूर, अंबड, नाशिकरोड, कुठेही जा; जुन्या मोटारसायकलीवर ज्याची रोजी चालते असा माणूस हमखास दिसतो. प्लंबर आपली पाने-पक्कड तिच्यावरच नेतो, फेरीवाला कापडाचे गठ्ठे बांधतो, वेल्डर सळया नेतो, मालेगावात लूमवाला सुताची पोती वाहतो. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला वाडीवर जायला नवी कोरी गाडी परवडत असली तरी तो जुनीच बाहेर काढतो. शिवाय व्याजाचा हप्ता गळ्यात नको म्हणून रोख पैशाने जमेल तेवढीच जुनी गाडी घेणारेही आपल्यात बरेच आहेत. त्यांचा हा निर्णय समंजसपणाचाच आहे.

या गाड्यांनी आपल्या कारागिरांनाही पोसले आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि नंतर येझदी गाड्या निघाल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० ही गाडी १९८५ ते १९९६ या काळातली. हिरो होंडाची सीडी १०० देखील १९८५ चीच. कंपनीने गाडी बनवणे थांबवले, पण या गाड्या रस्त्यावर राहिल्या. त्या राहिल्या त्या लेथवर बुश काढून देणाऱ्या, बोअर करणाऱ्या, चासी सरळ करणाऱ्या आणि कार्बोरेटर खोलून साफ करणाऱ्या हातांमुळे. हे हुन्नर कोणत्या कॉलेजात मिळत नाही, ते उस्तादाच्या हाताखाली राहूनच येते.

परंतु एक गोष्ट मिस्त्री बांधवांनी ध्यानात घेतली पाहिजे. ज्या गाडीचे कागद संपले, ती गाडी कितीही चांगली चालत असली तरी भंगाराच्या भावानेच जाते. म्हणजे कागद सांभाळणे हे केवळ गाडीमालकाचे काम नाही. आपले कसब ज्या गाडीवर खर्च होते तिची किंमत टिकण्याचा तो प्रश्न आहे.

पंधरा वर्षांची अफवा

सर्वांत आधी एका गैरसमजाचा समाचार घेऊ. "पंधरा वर्षे झाली, आता गाडी भंगारात द्यावी लागेल," असे सांगून गरीब माणसाची चांगली गाडी कवडीमोलाने घेणारे लोक आहेत. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात न्यायालयांच्या आदेशांमुळे १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, आणि त्या बंदीबाबत २०२५ सालीही सर्वोच्च न्यायालयात सुनावण्या झाल्या. १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्यात आली. या दोन बातम्या एकत्र होऊन आपल्याकडे पंधरा वर्षांची अफवा तयार झाली.

वस्तुस्थिती अशी की, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर गाडी तपासून ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. यालाच आपण रिपासिंग म्हणतो. अर्ज फॉर्म २५ मध्ये करायचा असतो, आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून तो करता येतो. नाशिक शहराच्या एम.एच. १५ गाड्यांसाठी पेठ रोडचे आरटीओ कार्यालय आहे, मालेगावच्या गाड्यांना एम.एच. ४१ आहे.

खर्च मात्र वाढला आहे, हे खरे. मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारसायकलीसाठी ते २,००० रुपये केले. मुदत उलटून गेली तर दरमहा विलंब शुल्क लागते. त्याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवणे आहे. ती नसेल तर आरटीओतील इतर कामे अडतात. हा सर्व हिशेब मांडून मग ठरवा की गाडी ठेवायची, विकायची की भंगारात काढायची. हिशेब न करता, केवळ अफवेला घाबरून गाडी देऊन टाकू नका. आणि घेणाऱ्या व्यापारी बांधवांनीही या अफवेच्या जोरावर भाव पाडू नये. समोरच्याच्या अज्ञानावर कमावलेल्या पैशात बरकत कोठून येणार?

नाव कोणाचे, जबाबदारी त्याची

आता मूळ मुद्दा. ज्याला आपण टीटी म्हणतो ते मालकी बदलाचे फॉर्म क्रमांक २९ आणि ३० होत. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावून घ्यायचे असते. म्हणजे कळवण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावरही टाकलेली आहे. आपण ती कोऱ्या सहीबरोबर दुसऱ्याच्या खिशात घालून मोकळे होतो.

याचा परिणाम काय होतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालावरून समजून घ्यावे. त्या प्रकरणात मूळ मालकाने आपली मोटार २००७ मध्ये विकली होती. पुढे ती एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि त्यात एका बालकाचा जीव गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईही त्यानेच द्यायची. अपघातात ज्याचे नुकसान झाले त्या गरिबाने गाडीचे एकामागून एक मालक शोधत फिरावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते.

हा निकाल मोटारीचा आहे, पण नियम मोटारसायकलीलाही तोच. आता विचार करा. वीस हजारांना विकलेल्या गाडीपायी काही लाखांची भरपाई एखाद्या शिंप्याच्या किंवा फेरीवाल्याच्या नावावर निघाली, तर तो काय विकणार? दुकान की घर? आणि तेव्हा "मी तर कधीच विकली होती" हे त्याचे म्हणणे खरे असूनही उपयोगी पडणार नाही. ई-चलनाचे तर रोजचेच आहे. गाडी धावते धुळ्यात, आणि दंडाचा मेसेज येतो नाशिकला, पहिल्या मालकाच्या मोबाईलवर.

चासी क्रमांक घासलेला असेल तर उठून चला

गाडीचा नंबर आणि चासी क्रमांक किती मोलाचा असतो हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला आणि ६ माणसे प्राणास मुकली. त्या खटल्यात एका मोटारसायकलीची मालकी हा मोठ्या वादाचा मुद्दा होता. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. निकालात, त्या गाडीचा चासी क्रमांक तज्ज्ञांना पूर्ण मिळवता आला नाही आणि तिची मालकी सिद्ध झाली नाही, असेही नमूद झाले. त्या खटल्याची चर्चा हा या पानाचा विषय नव्हे. पण लोखंडावर कोरलेल्या थोड्याशा अंकांवर किती मोठी गोष्ट अडू शकते, एवढे आपल्या धंद्यापुरते त्यातून शिकता येते.

आरएक्स १०० आणि येझदीला आज शौकिनांकडून नव्या गाडीच्या तोडीचे भाव मिळतात. भाव चढले की लबाडीही चढते. एका गाडीची चासी, दुसरीचे इंजिन आणि तिसरीचे आरसी बुक असा संसार जुळवलेल्या गाड्या बाजारात येतात. म्हणून घेताना चासी आणि इंजिन, दोन्ही क्रमांक स्वतः डोळ्यांनी पाहा. क्रमांकावर कागद धरून पेन्सिल फिरवली की ठसा उमटतो. तो आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. अंक घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा वेल्डिंगखाली दडलेले दिसले तर कितीही स्वस्त असो, उठून चला. मिस्त्री बांधवांनीही अशी गाडी दुरुस्तीला घेताना मालकाचे नाव-गाव आणि आरसीची प्रत ठेवल्याशिवाय हात लावू नये. चोरीची गाडी सापडते तेव्हा ती बहुधा कोणाच्या तरी गॅरेजात उभी असते, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

वडिलांची गाडी

आणखी एक बाब. अनेक घरांत वडिलांची मोटारसायकल त्यांच्या इंतकालानंतर मुलगा वापरत असतो. आरसी वडिलांच्याच नावावर. त्यात आठवण असते, म्हणून कोणी नाव बदलायचे मनावर घेत नाही. पुढे पैशाची गरज पडली की गाडी विकायला काढतात, आणि मग मृत व्यक्तीच्या नावाच्या फॉर्मवर कोणीतरी सही "काढून" देतो. हा सरळ सरळ बनावट सहीचा गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्या भल्या घरच्या मुलाला त्याची कल्पनाही नसते.

वास्तविक कायद्याने यासाठी सोपी वाट ठेवली आहे. मालक वारल्यास वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि फॉर्म ३१ मध्ये अर्ज करून तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. आपल्या दृष्टीने यात आणखी एक पैलू आहे. ती मोटारसायकल म्हणजे वडिलांची मालमत्ता आहे, आणि मालमत्तेत आई, बहिणी, भाऊ सर्वांचा हिस्सा असतो. गाडी लहान आहे म्हणून हिस्सा लहान होईल, नाहीसा होणार नाही. सर्वांना विचारून, सर्वांच्या संमतीने एकाच्या नावावर करा. त्यानेच पुढे घरातली कटुताही टळते.

गाडी पाहावी कशी, राखावी कशी

कागद पाहिल्यावर मग गाडी पाहा. जुन्या गाडीची परीक्षा थंड इंजिनावर होते. तुम्ही पोचण्यापूर्वीच विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर इंजिनाला हात लावून पाहा आणि नम्रपणे सांगा, "भाई, संध्याकाळी येतो, तोवर बंद राहू द्या." थंड गाडी दोन-तीन किकमध्ये चालू झाली, चोक काढल्यावर बंद पडली नाही, तर निम्मी परीक्षा झाली. फोर-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑईल जळते आहे. पिस्टन, रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा खर्च धरा. इंजिनाचा आवाज आणि धूर दाबण्यासाठी जाड ऑईल भरण्याची युक्ती जुनी आहे, म्हणून थोडे ऑईल बाहेर काढून बोटांत घासून पाहा. हँडल दोन्ही बाजूंना सावकाश वळवा. मध्येच अडखळले तर कोनसेट गेला आहे. पुढच्या फोर्कवर तेल पाझरते का, चेन एके ठिकाणी ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी ढिली आहे का, हे पाहायला एक पैसा लागत नाही. किलोमीटरच्या काट्यावर मात्र भरवसा ठेवू नका. तो फिरवणे सोपे आहे. फूटरेस्टचे रबर, किकचे रबर आणि ब्रेकचे पॅडल किती झिजले आहे, यावरून गाडीचे खरे वय कळते.

टू-स्ट्रोक गाडीवाल्याने टू-टी ऑईलमध्ये काटकसर करू नये. राजदूत आणि जुन्या जावामध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आरएक्स १०० मध्ये त्याची वेगळी टाकी असते. ते कमी पडले की पिस्टन जाम होतो, आणि चार पैसे वाचवायला गेलेला माणूस बोअरिंगला हजारो घालतो.

आता पेट्रोलविषयी. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर सर्रास झाले. जुन्या गाड्या या इंधनासाठी बनलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, अशा दुचाक्यांचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. तेवढी घट सोसता येईल. खरी काळजी वेगळी आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये. बरेच दिवस वापरायची नसेल तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरची रबरे फुगली किंवा चिरली आहेत का हे दर सर्व्हिसिंगला पाहावे आणि बदलताना इथेनॉल चालणारी घ्यावीत. टाकीत आतून गंज धरला असेल तर आधी तो काढावा, नाहीतर दर पंधरा दिवसांनी कार्बोरेटर खोलण्याची पाळी येते. आपल्या मिस्त्री बांधवांनी ही माहिती गिऱ्हाइकाला आपणहून द्यावी. गिऱ्हाईक त्यामुळे तुटत नाही, जोडलेच जाते.

ऐब सांगून विका

वस्तुविक्री कायदा, १९३० मध्ये काही अपवाद सोडले तर घेणाऱ्यानेच माल पारखून घ्यावा असे धोरण आहे. म्हणून काही विक्रेते म्हणतात, "त्याने पाहून घेतली, आता माझा काय संबंध?" आपल्याकडे व्यापाराचा शिरस्ता यापेक्षा कडक आहे. मालात ऐब असेल तर तो विकणाऱ्याने स्वतः सांगायचा, आणि लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. फिकहच्या किताबांत यासाठी स्वतंत्र बाब आहे. मशिदीत पहिल्या सफमध्ये उभे राहायचे आणि दुकानात फुटलेल्या क्रँककेसला एम-सील लावून वर रंग मारायचा, या दोन गोष्टींचा मेळ कसा बसणार?

आणि हा केवळ आखिरतचा हिशेब नाही, बाजाराचाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, जुनीचा भाव त्या मानाने खाली ओढला गेला. नव्या-जुन्यातले अंतर कमी होते तेव्हा गिऱ्हाईक जुनीकडे येते ते विकणाऱ्यावरच्या विश्वासाने. तो विश्वास नसेल तर चार पैसे जास्त गेले तरी ते शोरूमकडे वळेल.

व्यापाऱ्यांची अडचण

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे, आणि ते सगळे चुकीचे नाही. ते म्हणतात, गाडी आधी आमच्या नावावर आणि मग गिऱ्हाइकाच्या नावावर करायची तर दोनदा खर्च, दोनदा फेऱ्या, आणि आरसीवर एक मालक वाढला की गाडीचा भाव पडतो. म्हणून आम्ही कोऱ्या टीटीवर गाडी ठेवतो, गिऱ्हाईक मिळाले की सरळ त्याचे नाव लावतो. कारागीर म्हणतो, आरटीओत एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते.

पहिल्या अडचणीवर सरकारनेच उपाय काढला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची सोय झाली. अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना मालकाने फॉर्म २९-सी ने कळवले की त्या दिवसापासून गाडीची जबाबदारी व्यापाऱ्याची मानली जाते. मूळ मालक सुटतो, आणि व्यापाऱ्यालाही कोऱ्या सह्यांचा आधार घ्यावा लागत नाही. ज्यांचा धंदा मोठा आहे त्यांनी हे अधिकारपत्र अवश्य घ्यावे. जीएसटीत नोंद असलेल्या व्यापाऱ्याला जुन्या गाडीवरचा कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. २०२५ पासून तो १८ टक्के आहे. बिल करायला घाबरण्याचे कारण नाही.

जे गॅरेजवाले महिन्याला एखाद-दुसरी गाडी इकडची तिकडे लावून देतात, त्यांनी गाडी आपल्याकडे ठेवूच नये. विकणारा आणि घेणारा यांना समोरासमोर बसवावे, नाव सरळ लावून द्यावे आणि आपली दलाली उघडपणे सांगून घ्यावी. राहिला प्रश्न बुडालेल्या मजुरीचा. अर्जाचे बरेचसे काम आता परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर मोबाईलवरूनही होते. तिथेच गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा यांची माहिती दिसते. एवढे करूनही एक दिवस गेला, तर तो दिवस गाडीच्या किमतीत धरा. पुढच्या दहा वर्षांच्या झोपेची ती किंमत आहे.

एक सूचना

शेवटी नाशिक आणि मालेगावच्या व्यापारी, गॅरेजवाल्या व मिस्त्री बांधवांपुढे मी एक साधी सूचना ठेवतो. आपण आपसांत चार गोष्टी ठरवू या.

पहिली, कोऱ्या फॉर्मवर सही घेणार नाही आणि देणार नाही. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळ भरल्यावरच सही. आणि त्या फॉर्मची व घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत विकणाऱ्याजवळ राहील.

दुसरी, पूर्ण रक्कम एकदम हातात घ्यायची नाही. किमतीचा काही भाग, समजा दहावा हिस्सा, दोघांच्या विश्वासातल्या माणसाकडे अमानत म्हणून ठेवावा आणि आरसीवर नवे नाव चढले की विकणाऱ्याला द्यावा. घेणाऱ्यानेही तेवढीच रक्कम अमानत ठेवावी, ती नाव लागल्यावर त्याला परत मिळेल. मग दोघेही आरटीओची वाट स्वतःहून धरतील.

तिसरी, गाडीबरोबर अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी. तिच्यावर गाडीतले माहीत असलेले दोष, बदललेले पार्ट आणि बाकी राहिलेली कामे मराठीत लिहून खाली सही करावी. घेणारा भाव करील, कदाचित हजार रुपये कमी देईल, पण महिन्याभराने भांडायला येणार नाही.

चौथी, नाव लागेपर्यंत विम्याविना गाडी रस्त्यावर काढू द्यायची नाही. थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी हवाली करणे म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपले घर गहाण ठेवणे आहे.

यासाठी कोणत्या संघटनेची किंवा सरकारी मदतीची गरज नाही. चार गॅरेजवाल्यांनी एकत्र बसून ठरवले आणि फळ्यावर लिहून बाहेर लावले, "येथे कोऱ्या टीटीवर व्यवहार होत नाही," तर गिऱ्हाईक आपणहून तिकडे वळेल.

तोपर्यंत प्रत्येकाने एक काम मात्र आजच करावे. मागच्या काही वर्षांत आपण ज्या ज्या गाड्या विकल्या त्यांचे नंबर आठवा आणि त्या आजही आपल्याच नावावर आहेत का हे तपासा. असतील तर घेणाऱ्याला शोधा, प्रेमाने समजवा, सोबत जाऊन नाव बदलून घ्या. तो सापडत नसेल तर गाडी केव्हा आणि कोणाला विकली याची लेखी सूचना आरटीओला द्या आणि पोच घ्या. त्याने सगळी जबाबदारी टळेल असे नाही, पण निदान आपण गप्प बसलो नव्हतो एवढे तरी कागदावर राहील. पैसे मोजले त्या दिवशी सौदा निम्माच झाला. उरलेला निम्मा आरसीवर दुसऱ्याचे नाव चढेल त्या दिवशी पुरा होईल.